‘कट’ म्हटल्यावरची मूठ

“तुमच्या घरचा रोट मला देशील का?”

एवढंच विचारायचं होतं. पण ज्याला विचारायचं तो मुलगा अगदी अनोळखी. जळगावात, पिंप्राळ्यातल्या कचोरीच्या गाडीपाशी उभा, आणि हातात कचोरी नाहीच! हातात एक काठी, काठीच्या टोकाला मांजराच्या पिल्लासारखं काहीतरी केसाळ, आणि ते मांजर त्यानं उकळत्या कढईजवळ धरलेलं. कानांवर हे मोठे हेडफोन. डोळे मिटलेले...

“येडा आहे,” माझी मैत्रीण ममता म्हणाली.

“पण दिसायला बराय,” नूतन म्हणाली.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. एक कान मोकळा करून तो म्हणाला, “हो आई. यंदा रोटांना नक्की येतो धुळ्याला... हो गं, नक्की.”

झालं. ममताचे डोळे चमकले. आमच्या खानदेशात श्रावणात कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याचे रोट, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या, फक्त घरच्यांनी आणि भाऊबंदांनी खायचे असतात, परक्याला त्यातला तुकडासुद्धा देत नाहीत. म्हणजे अनोळखी मुलाकडे रोट मागायचा तर त्याचा अर्थ काय होतो, हे पिंप्राळ्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

“जा ना, ज्योती,” ममता म्हणाली. “वक्तृत्वात बक्षीस मिळाल्यापासून लई शहाणी झालीय ना तू? विचार त्याला.”

“विचारते की. घाबरते का काय!”

जूनपर्यंत मी वर्गात हात वर करायलाही घाबरायचे. जूनमध्ये बक्षीस मिळालं, आणि तेव्हापासून मला कशाचीच भीती वाटेनाशी झाली होती. गेले, उभी राहिले, विचारलं. आवाज जरा मोठाच निघाला. कचोरीवालासुद्धा झारा थांबवून बघायला लागला.

त्यानं डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं... आणि घाईच नव्हती त्याला कसली.

“रोट घरच्यांनाच देतात,” तो म्हणाला.

“माहितेय.”

“मग?”

“मग... काही नाही. विचारलं फक्त.”

“बरं.” त्यानं काठीवरच्या केसाळ माईककडे बोट दाखवलं. “पण तुझं विचारणं रेकॉर्ड झालंय. तेलाच्या आवाजात.”

माझे कान कढईसारखे तापले. “पुसून टाक!”

“पुसू? नक्की? आवाज चांगला आलाय.”

“पूस म्हणते ना!”

त्यानं माझ्यासमोर बटण दाबलं, छोट्या पडद्यावरची ओळ गेलेली मला दाखवली आणि म्हणाला, “गेलं. मी प्रेमराज.”

नाव ऐकून मागे नूतन आणि ममता एकमेकींवर कोसळल्या.

*

पुढच्या रविवारी तो आमच्या शाळेतच दिसला. चुडामण सरांचा माहितीपटाचा वर्ग जूनपासून सुरू होता. बाहेरच्या शाळांतली मुलंही यायची, तो त्या रविवारी नव्यानं आला होता. प्रेमराज मूळ धुळ्याचा, देवपूरचा. अकरावीसाठी जळगावला मामाकडे राहिलेला. माझ्यासारखाच अकरावीत. आवाजाचं वेड घेऊन आलेला.

मला कॅमेऱ्याचं वेड लागलं होतं. खरंच सांगते, त्या वर्गानं माझे डोळेच बदलले. मम्मी दारात बसून मेथी निवडते, ते मी सोळा वर्षं बघत होते. पण चौकटीतून बघितलं तेव्हा पहिल्यांदा दिसलं की ती निवडताना ओठ हलवते, कोणाशी तरी बोलते. सर सांगायचे, माणसाचं उत्तर संपलं तरी कॅमेरा लगेच बंद करू नका, मनात पाच आकडे मोजा. खरं बोलणं पुष्कळदा त्या पाच आकड्यांत येतं. मी हे वहीत लाल पेनानं लिहून चौकट केली होती. आणि सर हेही सांगायचे की ज्याचं चित्र घेतलं, त्याला ते दाखवा, विचारा, मगच लोकांसमोर आणा. हे मी निळ्या पेनानं लिहिलं होतं. चौकट केली नव्हती.

सरांनी जोड्या पाडल्या. कॅमेरा ज्योती, आवाज प्रेमराज. ममतानं बाकाखालून मला लाथ मारली.

माईक तपासायचा तर समोरच्यानं काहीतरी बोलावं लागतं. प्रेमराज हेडफोन लावून म्हणायचा, “सकाळी काय खाल्लंस ते सांग.”

“पोहे.”

“खोटं. आवाज उपाशी आहे.”

“आवाजावरून कळतं होय?”

“तुझ्या कळतं.” मग बॅगेतून केळीचे वेफर्स निघायचे, आणि माईक तपासायचं दोघांच्याही लक्षात राहायचं नाही.

एकदा तो म्हणाला, “रोट द्यायला जमणार नाही. पण कसे करतात ते बघायला येशील का? आपली फिल्म त्याच्यावरच करू.”

मी लगेच हो म्हणाले. आमच्या घरी मी रोट कधीच पाहिले नव्हते, आजोबांच्या वेळीच ती पद्धत बंद पडली होती. आणि देवपूरला माझी मावशी राहते, त्यामुळे घरून परवानगीही मिळाली. मनात मी आधीच हे सगळं जुळवून ठेवलं होतं... आता काय लपवायचं.

*

देवपुरातलं त्यांचं घर लहानसं, पुढे मोगऱ्याची कुंडी. शनिवार होता. बाहेर बारीक भुरभुर चालू होती, आणि ओसरीवर प्रेमराजच्या आई, कमलबाई, सुपात गहू घेऊन बसल्या होत्या. त्यांच्याकडची रीत अशी की घरातल्या प्रत्येकाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचे, आणि ते दळून त्याचे रोट करायचे. त्यांनी संमतीच्या कागदावर सावकाश सही केली आणि मला विचारलं, “पदर बरोबर शे ना मना?”

“एकदम बरोबर, काकू.”

त्या नाव घेत, गहू काढत. आबांची मूठ. आबा म्हणजे प्रेमराजचे वडील, ज्ञानेश्वर आबा. ते तेव्हा बाजारात गेले होते. मग काकांची, काकूंची, स्वतःची. शेवटी प्रेमराजची. त्या वेळी कमलबाई हसून म्हणाल्या, “हाऊ लई खास, याले दोन मुठी पायजेत.” आपल्या खादाडपणाची जाहिरात ऐकून हेडफोनमधला प्रेमराज लाजला. मी ते लाजणंही टिपलं, कामाचं नव्हतं तरी.

मग प्रेमराज म्हणाला, “आता एक मिनिट कोणी बोलू नका. खोलीची शांतता रेकॉर्ड करायचीय.”

प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते आणि फिल्म जोडताना ती लागते, असं सरांनी शिकवलं होतं. आम्ही तिघं गप्प बसलो. पत्र्यावर भुरभुर. आत कुठेतरी घड्याळ. आणि समोर प्रेमराज, माझ्याकडे बघत... मीही बघत. बोलायची बंदी, हसायची बंदी, हलायचीसुद्धा बंदी! साठ सेकंद किती लांब असतात ते मला त्या दिवशी कळलं. त्यातला एकही सेकंद संपू नये असं वाटत होतं.

“कट?” तो म्हणाला.

“कट,” मी म्हणाले.

त्यानं यंत्र बंद केलं, हेडफोन गळ्यात घेतले. मी कॅमेऱ्याचं बटण दाबलं नाही, आणि त्याला स्वतःचाही माईक होता. पाच आकडे मोजायचे होते ना. लोक बिचकतात म्हणून कॅमेऱ्याच्या लाल दिव्यावर मी आधीच काळी पट्टी चिकटवलेली होती.

एक... दोन... तीन...

कमलबाईंनी दाराकडे पाहिलं. मग सुपातून हळूच आणखी एक मूठ घेतली, वर पाव. “हाई मना प्रकाशनी,” त्या पुटपुटल्या. “घर सोडीसन दोन वरीस व्हयनात.” आणि प्रेमराजकडे वळून म्हणाल्या, “तुना आबाले सांगू नको.”

प्रेमराजनं झटकन माझ्याकडे पाहिलं. “ज्योती, हे नको घेऊ.”

“बंद आहे,” मी म्हणाले.

किती सहज म्हणाले मी! आवाज जरासुद्धा हलला नाही. वक्तृत्वाचं बक्षीस मिळालेला आवाज होता तो.

संध्याकाळी तो मला मावशीकडे सोडायला निघाला. पांझरेच्या पुलावर आम्ही थांबलो. खाली गढूळ पाणी, वाऱ्यानं माझी ओढणी त्याच्या हातावर जात होती आणि आम्ही दोघंही ती बाजूला करत नव्हतो. तिथं त्यानं मला सगळं सांगितलं. प्रकाश त्याचा मोठा भाऊ. आपल्या पसंतीच्या मुलीशी लग्न करायचं म्हणाला, आबांशी भांडण झालं, आणि तो सुरतला निघून गेला. या घरात त्याचं नाव घ्यायचं नाही, असं आबांनी सांगितलंय. भाऊबंदांना सांगतात, कंपनीत नोकरीला आहे, सुट्टी मिळत नाही.

“हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं,” प्रेमराज म्हणाला. “कॅमेरा खरंच बंद होता ना?”

ओढणी अजून त्याच्या हातावर होती.

“हो,” मी म्हणाले.

*

इथून पुढचं लिहायला मला आवडत नाही. पण लिहिते.

शाळेच्या संगणकावर मी फिल्म जोडायला बसले. प्रेमराजची त्या आठवड्यात चाचणी होती, तो आला नाही. सगळं चांगलं होतं, नीट होतं आणि... साधं होतं. आणि ती शेवटची मूठ! उजेड कोवळा, चेहरा कडेनं, बोटांतून एकेक दाणा निसटतोय. मी ते पन्नास वेळा बघितलं. दर वेळी वाटायचं की हे मी टिपलंय, मी! शेवटी मी ते लावलंच. वर बासरी टाकली. फिल्मचं नाव ठेवलं ‘मूठ’.

चुडामण सरांनी शेवट पुन्हा एकदा लावून बघितला. मग म्हणाले, “ज्योती, शेवटचं त्या बाईंना दाखवलंस? चालेल म्हणाल्या?”

“हो सर.”

तिसऱ्यांदा खोटं. तोपर्यंत सवय झाली होती.

शाळेच्या सभागृहात फिल्म दाखवायचं ठरलं. प्रेमराज उत्साहानं घरच्यांना घेऊन आला. पहिल्या रांगेत पांढरी टोपी घातलेले आबा, नवं लुगडं नेसलेल्या कमलबाई, मागे काका-काकू आणि चार भाऊबंद. ते मुद्दाम धुळ्याहून एसटीनं आले होते. मी मंचाच्या कडेला उभी होते. पहिल्या पाच मुठींना लोक हसले, माना डोलावल्या. प्रेमराज लाजला तिथं तर टाळ्याच पडल्या.

मग सहावी मूठ आली.

“हाई मना प्रकाशनी...” एवढ्या मोठ्या भिंतीवर, एवढ्या मोठ्या आवाजात. तुना आबाले सांगू नको. बासरी. अंधार. आणि सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. माझे पप्पा शिट्टी वाजवत होते. मी वाकून नमस्कार केला. अगदी ऐटीत केला.

दिवे लागले तेव्हा पहिली रांग दिसली. कमलबाईंनी पदर तोंडावर ओढून घेतला होता. मागून एक भाऊबंद म्हणत होता, “पयी गया का प्रकाश? तो ते नोकरीले शे म्हने ना?” मुलगा पळून गेल्याचं ते बोलणं आबांच्या कानावर पडलं. ते उठले, टोपी सारखी केली आणि टाळ्या वाजवणाऱ्या माणसांच्या मधून, कोणालाही धक्का न लागू देता, बाहेर गेले. त्यांच्यामागे कमलबाई गेल्या.

प्रेमराज माझ्याजवळ आला. मला वाटलं ओरडेल. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

“तू बंद आहे म्हणाली होतीस,” तो म्हणाला. “दोनदा.”

बस्स. त्यानं हेडफोन गळ्यातून काढून टेबलावर ठेवले. ते शाळेचे होते.

*

फिल्मची नाशिकच्या राज्य पातळीवरच्या महोत्सवासाठी निवड झाली. पप्पांनी कॉलनीत पेढे वाटले. पेपरात माझा फोटो आला. ममतानं तो सगळ्या गटांत पाठवला. लोक आम्हाला रस्त्यात थांबवून पप्पांना म्हणायचे, “काय भो, नाव काढलं पोरीनं!” आणि मला वाटायचं, रिक्षाखाली शिरून बसावं.

लाज काय असते हे मला आधी माहीत नव्हतं. आधी वाटायचं, लाज म्हणजे कचोरीच्या गाडीपाशी कान तापणं. ती लाज गोड होती, मैत्रिणींना सांगून वाढवता यायची. ही मात्र कोणाला सांगता येईना. जेवताना घास तोंडात तसाच राहायचा. आरशात केस विंचरताना मी मान खाली घालायचे. एका अनोळखी मुलीचं एक वेडं वाक्य प्रेमराजनं तिला विचारून, तिच्यासमोर पुसलं होतं. आणि मी त्याच्या आईचं दोन वर्षांचं दुःख बासरी लावून दाखवलं होतं.

रविवारी वर्गात त्याची खुर्ची रिकामी. त्याच्या पुढच्या रविवारीही. माझे सहा मेसेज त्यानं वाचले, उत्तर एकाचंही नाही. सातवा मी लिहिला: मला तुझी माफी मागायचीय. तेवढ्याला उत्तर आलं.

“माझी नको.”

मी पहाटेच्या एसटीनं धुळ्याला गेले. घरी सांगितलं, मावशीला बरं नाहीये. आणखी एक खोटं, पण ते शेवटचं, असं मी खिडकीशी बसून स्वतःला बजावत होते.

दार कमलबाईंनीच उघडलं. मला बघून त्यांनी पदर सावरला. मी चित्र घ्यायला आल्यासारखा... ते बघून मला रडू फुटलं. पाठ केलेलं भाषण गेलं कुठल्या कुठे.

“काकू, मी खोटं बोलले. कॅमेरा चालू होता. मला माहीत होतं तो चालू आहे. मी प्रेमराजला खोटं सांगितलं, सरांना पण. तुमचं... तुमचं ते मी चोरलं.”

त्यांनी मला आत घेतलं. पाण्याचा तांब्या पुढे केला. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही आकडे मोजले नाहीत.

“तुनावर मना भरोसा व्हता, पोर,” त्या शेवटी म्हणाल्या. “पंधरा दिवस व्हयनात, हाऊ माणूस मनासंगे बोलत नही. भाऊबंद इसन इचारी जातस.” मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “आते तू काय करशी?”

त्यांनी मला रागावलं नाही, माफही केलं नाही. फक्त विचारलं. आणि मला कळलं की याचं उत्तर रडून देता येणार नाही.

“नाशिकला नाही पाठवणार,” मी म्हणाले. “कुठंच नाही.”

“बघ,” त्या म्हणाल्या. “तोंडनं तर बठ्ठा म्हनतस.” खरंच होतं, तोंडानं सगळेच म्हणतात.

*

सुट्टीसाठी घरी आलेला प्रेमराज बसस्टँडपर्यंत माझ्याबरोबर आला. शेजारी नाही, चार पावलं पुढे. मी त्याच्या पाठीकडे बघत चालले होते. फलाटावर जळगावची गाडी लागलेलीच होती.

“आईनं सांगितलं म्हणून आलो,” तो म्हणाला. “एकटी आहेस म्हणून.”

“माहितेय.”

“माझा राग गेलेला नाही.”

“तेही माहितेय.” मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होते. “प्रेमराज... मला तू आवडतोस. माफी मिळावी म्हणून नाही सांगत. खोटं सांगायचं बंद केलंय ना, मग हेच पहिलं खरं निघालं तोंडातून.”

त्यानं पायानं गाडीच्या चाकाला हळूच ढोसलं.

“किती वाईट वेळ निवडलीस गं,” तो म्हणाला, आणि ओठांचा एक कोपरा हलला... की मला तसं वाटलं?

“वेळ वाईटच आहे. तू उत्तर नको देऊस.”

“देतच नाहीये.”

“बरं.”

“पण...” कंडक्टरनं घंटी दिली. त्याला आवाज चढवावा लागला. “मलाही त्या दिवशी ते एक मिनिट संपू नये असं वाटत होतं. म्हणून जास्त राग आलाय. कळतंय का तुला?”

गाडी हलली. मी खिडकीतून मान हलवली. कळत होतं. पारोळ्यापर्यंत कळत राहिलं, एरंडोलपर्यंत कळत राहिलं. मी त्याला आवडत असताना, आणि मला ते ठाऊक असताना, मी काय केलं होतं ते सगळं.

*

घरी पोचले तेव्हा पप्पा नाशिकच्या गाडीचं तिकीट काढत बसले होते. मम्मीनं माझ्यासाठी शिवून घेतलेला ड्रेस पलंगावर पसरलेला होता.

“आली का? मावशी कशीये? हे बघ, खिडकीची जागा मिळाली तुला,” पप्पा म्हणाले.

“पप्पा, तिकीट रद्द करा. मावशीला काही झालेलं नाही. मी खोटं बोलून गेले होते.”

मम्मी स्वयंपाकघरातून बाहेर आली. हाताला पीठ तसंच. मी उभी राहिले. स्पर्धेत उभी राहायचे तशी नाही, पलंगाची कड धरून.

“मी फिल्म परत घेतेय. शेवटचं चित्र मी न सांगता घेतलं, आणि सरांना सांगितलं की परवानगी आहे. त्या घरात माझ्यामुळे नवरा-बायकोचं बोलणं बंद आहे. उद्या प्रार्थनेनंतर मी माईकवर सगळ्या शाळेला सांगणार की मी खोटं बोलले. पेपरवाल्यांनाही सांगणार. शिकणं मी सोडणार नाही, कॅमेराही सोडणार नाही. पण ही फिल्म कोणालाही दिसणार नाही.”

“अगं, पण सगळ्या कॉलनीला पेढे...” पप्पा म्हणाले.

मम्मी माझ्याकडे निरखून बघत होती. “तो आवाजाचा मुलगा. त्याचंच घर ना ते?”

“हो.”

“त्याच्यासाठी करतेयस हे सगळं?”

“मम्मी, मला तो आवडतो,” मी म्हणाले. माझा आवाज कापला, पण मी तो सावरला नाही. “पण तो आवडत नसता, तरी मी हेच केलं असतं.”